काजळीची बरणी

परवा सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि कप तसाच टेबलावर ठेवून मी मागच्या अंगणात गेले, दोरीवरचा पलंगपोस ओढून काढला आणि छातीशी धरून उभी राहिले. काठी आतच राहिली होती. त्र्याण्णव वर्षांची बाई काठीशिवाय चार पायऱ्या उतरते आणि ते तिला खाली पोचल्यावर कळतं, याची मला जरा भीती वाटली आणि जरा गंमतही. आकाश पितळी झालं होतं. सूर्य होता, पण त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. पलंगपोस अजून ओला होता, त्याची ओल माझ्या पोटावर उतरत होती, आणि मला एवढंच कळत होतं की हा ताबडतोब आत न्यायला हवा, मग शेजारच्या दोरीवरचे कपडे काढायला हवेत. शेजारी आता दोरी नाही. तिथे एक तरुण जोडपं राहतं, त्यांचे कपडे यंत्रात वाळतात. घरात फोन वाजत होता. माझी नात लिडिया. "आजी, खिडक्या लाव सगळ्या. कॅनडात जंगलं पेटलीत, त्याचा धूर इथवर आलाय. बाहेर पाऊल टाकू नकोस." मी म्हटलं, "नाही टाकत." पलंगपोस अजून माझ्या काखेतच होता. ती म्हणाली, "हवेचा आकडा दोनशेच्या वर गेलाय." मी विचारलं, "आकडा कुणी काढला?" "कुणी म्हणजे? फोनवर येतो, आजी." मला तिला सांगावंसं वाटलं की आकडा येत नसतो, तो कुणीतरी काढतं, त्याच्यासाठी कुणाला तरी छपरावर चढावं लागतं. पण ती कामावर निघाली होती.

खिडक्या लावून बसले तरी वास आत आलाच होता. हा लाकडाचा धूर, जरासा गोडसर. आमचा असा नव्हता. आमच्या धुरात गंधक असायचं, जिभेच्या मुळाशी तांब्याची चव रेंगाळायची आणि दातांखाली बारीक कचकच लागायची. सत्तेचाळीस सालच्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये भर दुपारी बारा वाजता रस्त्यावरचे दिवे लागलेले असत. गावातले कचेरीतले पुरुष कपाटात दुसरा पांढरा सदरा ठेवत आणि जेवणाच्या सुट्टीत बदलत. आम्ही नदीपलीकडच्या उतारावर राहत होतो, स्लोव्हाक लोकांच्या वस्तीत. आमच्या गल्लीला रस्ता नव्हता, जिनाच होता, दोनशे चौदा पायऱ्यांचा लाकडी जिना, त्याला रस्त्यासारखं नाव आणि नावाची पाटीसुद्धा. घरं जिन्याच्या दोन्ही अंगांना, एकाचं छप्पर दुसऱ्याच्या उंबऱ्याखाली. वारा फिरला आणि खालच्या भट्ट्यांकडून ढग वर यायला लागला की ज्या बाईला तो आधी दिसे ती तव्यावर पळी आपटायची. मग साऱ्या जिन्यावरच्या बाया धावत सुटत आणि हाताला लागतील ते कपडे ओढून काढत, आपले की परके हे न बघता. वाटणी नंतर. भांडण असलेल्या घरांचेही कपडे काढायचे हा नियमच होता. जिन्यावरच्याच वोयतेकची बायको माझ्या आईशी सहा वर्षं बोलत नव्हती, पण आमच्या चादरी तिनं एकदाही काळ्या होऊ दिल्या नाहीत. परवा माझे हात उठले ते तिथून उठले.

आमच्या घराला तर त्या पळीच्या आवाजाची दुहेरी धास्ती, कारण आमचं पोट पडद्यांवर होतं. आई, वेरोना तिचं नाव, टेकडीवरच्या बड्या घरांचे जाळीचे पडदे धुऊन द्यायची. एकेका घरात वीस वीस खिडक्या, आणि पंधरा दिवसांत पांढरा पडदा उंदरासारखा करडा व्हायचा. मी गाठोडं आणायची, आई पाण्यातून काढायची, नीळ आणि खळ द्यायची आणि मग लाकडी चौकटीवर ताणायची. चौकटीच्या चारी बाजूंनी बोटभर अंतरावर टोकदार खिळे. पडदा ओला असतानाच एकेका खिळ्यावर एकेक टाका अडकवायचा, असे चारशे-पाचशे. ताण सारखा हवा, नाहीतर वाळल्यावर कडा लाटांसारखी होते. आईच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती. रक्ताचा थेंब पडद्यावर पडला तर ती लगेच तो स्वतःच्या थुंकीनं पुसायची, आपलं रक्त आपल्याच थुंकीनं जातं म्हणायची, आणि ते खरोखर जायचं. बाबा त्रेचाळीसच्या मार्चमध्ये सकाळी कारखान्यात गेले ते परत आले नाहीत. क्रेनची साखळी तुटली होती. तेव्हापासून चौकटी दोनाच्या चार झाल्या आणि पुढच्या खोलीत झोपायला जागा उरली नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात झोपायचो, चुलीला पाठ लावून.

आईला धुराबद्दल काय वाटत होतं हे मला नीटसं कधीच सांगता आलं नाही. ती त्याच्याशी दिवसभर झगडायची आणि तोच तिला जगवायचा, पण तिनं असा विचार कधी केला असेल असं वाटत नाही. तिच्या मनात धूर म्हणजे पगार. आमच्या जिन्यावर सगळ्यांच्याच मनात तसं होतं. बत्तीस साली मी दोन वर्षांची होते, मला आठवायला नको, पण त्या सालाचं निळं आकाश मी पाहिल्यासारखं मला वाटतं, इतक्या वेळा मी त्याबद्दल ऐकलं. मंदीत भट्ट्या विझल्या, चिमण्या नुसत्या उभ्या, आकाश धुतल्यासारखं निळं आणि घराघरांत कोबीचं पाणी. चांगल्या हवेचा दिवस उजाडला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया क्रूसाची खूण करायच्या.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीत शाळेतल्या रसायनाच्या बाईंनी, मिस किमेल यांनी, मला थांबवून घेतलं. हवेतून किती काजळी पडते ते शहराला मोजायचं होतं. पाच वस्त्यांत पाच बरण्या ठेवायच्या, पाच मुली हव्या होत्या. साधी काचेची उभी बरणी, तळाशी पाणी, थंडीत ते गोठू नये म्हणून त्यात थोडं अल्कोहोल. महिनाभर छपरावर उघडी ठेवायची, मग गावातल्या प्रयोगशाळेत न्यायची, पाणी कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा, वजन करायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख मिस्टर ऑग्डेन, उंच, वाकलेले, सगळ्यांशी एकाच हळू आवाजात बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की वर्ष संपल्यावर पाचांतल्या एकीला प्रयोगशाळेत कायमची नोकरी मिळेल. मी सतरा वर्षांची होते. जूनमध्ये शाळा संपणार होती, आणि त्यानंतर माझ्यासाठी पाचवी चौकट आणायची असं आईनं सुताराला सांगून ठेवलं होतं.

खालच्या पायरीवर तेता झुझान्ना राहायची. तेता म्हणजे मावशी, पण जिन्यावरच्या सगळ्याच थोराड बाया आमच्या तेता होत्या. मी पहिल्यांदा बरणी घेऊन छपरावर चढत होते तेव्हा ती खाली कमरेवर हात ठेवून उभी.

"वेरोना, तुझी पोरगी आकाशाचं वजन करते म्हणे."

"करते," आई आतून म्हणाली.

"मग माझंही कर म्हणावं. जिना चढताना हल्ली दम लागतो. आणि त्या बरणीत दारू घालतात हे खरं का?"

"थोडीशी, तेता. पाणी गोठू नये म्हणून."

"मग वजन कमी भरलं तर आमच्या ओंद्रेईला विचार. त्याला छपरं चढता येतात."

आई हसली नाही. तिनं विचारलं, "बरणी किती भरली म्हणजे नोकरी मिळते?" मी म्हटलं, "भरायची नसते, आई, नुसती मोजायची असते." ती बरं म्हणाली. आता मला वाटतं, तिथेच मी थांबून तिला नीट समजावून सांगायला हवं होतं. पण मी सतरा वर्षांची होते आणि छपरावरून पहिल्यांदाच सगळा उतार खाली दिसत होता, म्हणजे दिसत नव्हता, नुसता करडा लोट आणि त्यातून वर आलेली धुराडी. मला त्या लोटाचं वजन करायचं होतं. आईच्या प्रश्नाकडे माझं लक्षच नव्हतं.

तो सगळा उन्हाळा जिन्यावर एकच विषय होता. कारखान्यांना आदल्या वर्षीच कायदा लागू झाला होता, आता एक ऑक्टोबरपासून घरांना होणार होता. चुलीत साधा कोळसा जाळायचा नाही, धूर न होणारा घ्यायचा, नाहीतर गॅस. पुरुष चिडले होते. ज्यांचे भाऊ खाणीत होते ते जास्त चिडले होते. तेताचा मुलगा ओंद्रेई म्हणायचा, "हे साहेबलोक वर टेकडीवर राहतात, त्यांना सूर्य हवाय, आणि आमचा कोळसा जातोय." तेता म्हणायची, "तुला सूर्य कशाला, तू उठतोस संध्याकाळी," कारण तो रात्रपाळीला होता. आई काहीच म्हणायची नाही. ती पडदे ताणत राही, तोंडात टाचण्या धरून, आणि तोंडात टाचण्या असल्या की तिला कुणी काही विचारत नसे. मला आता वाटतं, कायद्याचा अर्थ त्या जिन्यावर सगळ्यांत आधी तिला कळला असणार.

ऑक्टोबर आला. नवा कोळसा पेटायला तास घ्यायचा आणि पेटला की असा रसरसायचा की चुलीचं दार लाल व्हायचं. आईला त्याचा अंदाज येईना. सगळ्या संतांच्या सणाला तिनं खसखशीची गुंडाळी भाजायला घातली, वर्षातून दोनदाच होणारी, आत बोटभर जाड काळ्या खसखशीचं सारण, आणि ती अर्ध्या तासात कोळसा झाली. आईनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि तशीच चुलीच्या आत, विस्तवावर टाकली. "खा," ती चुलीला म्हणाली. "तुझ्यासाठीच केली होती." त्याच आठवड्यातली एक सकाळ मला दिसते. मी जागी झाले तर आई अंथरुणात नव्हती. बाहेर कठड्याला धरून उभी, पाठमोरी, अंगावर शाल. नदीपलीकडची टेकडी दिसत होती. टेकडीवरची घरं, घरांच्या खिडक्या, एका खिडकीतून कुणीतरी सतरंजी झटकत होतं तेही दिसत होतं. आम्ही तिथे सतरा वर्षं राहत होतो आणि समोर माणसं राहतात हे घरातून त्या सकाळी पहिल्यांदाच दिसलं. मी आनंदानं काहीतरी बोलणार होते, पण आई वळली तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. "कारखाना बंद पडला," ती म्हणाली. मी किती सांगितलं, चिमण्यांमधून वाफ निघतेय बघ, नुसता काळा धूर नाहीये. तिला पटेना. ती दोनशे चौदा पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेली, पहारेकऱ्याला विचारून आली आणि येताना तरीही पिठाचं पोतं आणि बटाटे घेऊन आली. तेता म्हणाली, "वेरोना, बंद नाहीये तर पोतं कशाला?" आई म्हणाली, "आज नाहीये."

आणि तिचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी टेकडीवर मिसेस ऑल्ड्रिच यांच्याकडे गाठोडं आणायला गेले. त्यांनी पडद्याची कड बोटांत धरून उजेडात पाहिली आणि खुशीत म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, अजून मळलेच नाहीत. पुढच्या महिन्यात बघू." ते वाक्य घेऊन मी जिना चढत होते. प्रत्येक चौथऱ्यावर थांबून ते वाक्य आईला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, आणि शेवटी तिनं माझे रिकामे हात पाहिले तेव्हा काही सांगावंच लागलं नाही. त्या आठवड्यात दोन चौकटी भिंतीला टेकून रिकाम्या उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "तुझ्या त्या नोकरीचं कधी कळणार?" मी म्हटलं, "डिसेंबरात." ती म्हणाली, "ती मिळायला हवी, पावलिना." त्याआधी तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. पुढे ती चर्चची वस्त्रं करायला लागली, नवऱ्या मुलींच्या जाळ्या करायला लागली, सत्तर वर्षांची होईपर्यंत तिची बोटं रिकामी राहिली नाहीत, हे सगळं मला आज माहीत आहे. त्या दिवशी आम्हा दोघींना फक्त भिंतीला टेकलेल्या दोन चौकटी माहीत होत्या.

नोव्हेंबरची बरणी मी तीस तारखेला उतरवली आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. बाकी चार बरण्यांचं वजन फेब्रुवारीच्या मानानं जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. माझ्या बरणीचं वजन दुपटीहून जास्त भरलं. मिस्टर ऑग्डेननी तराजू पुसून पुन्हा वजन केलं. मग त्यांनी कागदावरचा चिमूटभर गाळ काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि भिंग दोनदा फिरवलं. शेवटी बाजूला होऊन म्हणाले, "बघ." मी डोळा लावला. राखेच्या चुऱ्यात काळे गोलसर दाणे होते, आणि त्या प्रत्येक दाण्यावर जाळी कोरलेली होती, षटकोनी घरांची, इतकी रेखीव की मला आधी पडद्याचीच आठवण झाली. "असा कण मी कधी पाहिला नाही," मिस्टर ऑग्डेन म्हणत होते. त्यांचा हळू आवाज थोडा चढला होता. "हा घरगुती चुलीचा नाही. कुठलीतरी नवी भट्टी असणार, नदीकाठची. तुझ्या उतारावर वारा तिकडूनच येतो ना? तू शोधलंस हे. आपण कारखान्याला पत्र लिहू." माझा डोळा भिंगालाच चिकटून होता. दर सणाला आईबरोबर बसून मी खसखस कुटत आले होते, कितीही कुटली तरी काही दाणे अख्खे राहतातच, आणि तिचा वास माझ्या हातांना होता. मला ती ओळखू आली. मग ती बरणीत कशी आली तेही कळलं. आणि मी म्हटलं, "हो सर, वारा तिकडूनच येतो."

घरी आले तेव्हा आई एकच पडदा ताणत बसली होती. मी कोट न काढताच विचारलं, "बरणीत राख कुणी टाकली?" तिनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून वाटीत ठेवल्या.

"मी."

"का पण?"

"रिकामी होती. मी वर जाऊन पाहिली, बोट घालून पाहिलं. काही नव्हतं तिच्यात. महिनाभर बरणी ठेवून तू त्यांना पाणी नेऊन दाखवणार होतीस?"

"पाणीच दाखवायचं होतं, आई. कमी भरली तर चांगलंच होतं ते."

"कुणासाठी चांगलं?"

आईनं चौकटीवर हात फिरवला. "टेकडीवरून रिकाम्या हातांनी आलीस तेव्हा तुझं तोंड पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "तुला परत तसं जावं लागू नये म्हणून टाकली. डबाभर. चांगली चाळून टाकली." मी तिला मग दाणे, जाळी, पत्र सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जणू तिनं कुणाचातरी पडदा फाडलाय. "म्हणजे ते दुसऱ्यावर आळ घालणार," ती म्हणाली, "आणि आपली खसखस दाखवून." मी म्हटलं, "कुणाला कळणार नाही." ती म्हणाली, "तुला कळलं." मग आम्ही जेवलो. त्या जेवणाची चव मला आठवत नाही, फक्त नव्या कोळशाची धग पाठीला लागत होती ती आठवते.

मी तीन दिवस काही बोलले नाही. मिस्टर ऑग्डेननी मला दोन जादा काचा दिल्या, दाण्यांची चित्रं काढायला सांगितली, आणि मी ती काढली, चांगली काढली. चौथ्या दिवशी सकाळी आई चर्चचा काळा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, हातमोजे चढवून दारात उभी होती. "चल," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुला इंग्रजी कुठं येतं?" ती म्हणाली, "तू आहेस ना. मी सांगीन, तू त्यांना सांग. गाळू नकोस काही." जिन्यावर तेता झाडत होती. "कोण गेलं?" तिनं हळूच विचारलं, आईचा कोट बघून. आई म्हणाली, "अजून कुणी नाही."

प्रयोगशाळेत मिस्टर ऑग्डेन टंकलेखनाच्या यंत्रासमोर बसले होते आणि यंत्रात कारखान्याला जाणारं पत्र अर्धं टाइप झालेलं होतं. आई टेबलासमोर उभी राहिली. तिनं आमच्या भाषेत सरळ सांगितलं की बरणीत राख मी घातली, माझ्या चुलीतली, पोरीला ठाऊक नव्हतं. मिस्टर ऑग्डेन माझ्याकडे बघत थांबले. मी म्हटलं, "माझी आई म्हणते की आमच्या चुलीतली थोडी राख बरणीत पडली असावी. अपघातानं." आईनं माझा दंड धरला. तिला इंग्रजी येत नव्हतं, दुकानातले आणि ट्रॅममधले मिळून शंभरेक शब्द येत असतील. पण हा शब्द तिला येत होता. त्रेचाळीस साली कारखान्याचा माणूस टोपी हातात घेऊन आमच्या उंबऱ्यावर उभा होता आणि हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. आईनं त्यांच्याकडे बघून, इंग्रजीत, छातीला बोट लावून म्हटलं, "अपघात नाही. मी." आणि मग माझ्याकडे वळून, आपल्या भाषेत, हळू आवाजात, "आता नीट सांग."

मग मी नीट सांगितलं. डबा, चाळण, बोट घालून पाहिलेलं पाणी, खसखस. मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, तेही. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. मिस्टर ऑग्डेननी यंत्रातून कागद बाहेर ओढला, त्याची चौकोनी घडी घातली, मग आणखी लहान घडी घातली आणि ती कचऱ्याच्या टोपलीत न टाकता खिशात ठेवली. वहीतल्या माझ्या आकड्यावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली. "खसखस," ते म्हणाले. आईनं विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं. "त्याला विचार," आई म्हणाली, "एवढा शिकलेला माणूस, खसखस कशी ओळखत नाही." मी वहीतल्या रेघेकडे बघत राहिले. "गाळू नकोस म्हटलं ना." मी ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. मिस्टर ऑग्डेननी मान खाली घातली, आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मला कळलं की ते हसत आहेत. "माझी आई न्यू हॅम्पशरची," ते म्हणाले. "आमच्याकडे उकडलेले बटाटे." हेही मी आईला सांगितलं. "बिचारा," ती म्हणाली.

नंतर त्यांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "तिला विचार, बरणी रिकामी आहे हे तिला कसं कळलं? महिन्याच्या मध्यावर नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही." आई म्हणाली, "पडद्यांवरून." ते काय हे त्यांना कळेना. मग आई हातमोजे काढून सांगायला लागली. गेल्या नोव्हेंबरात ऑल्ड्रिचबाईंच्या दिवाणखान्याचे पडदे सात पाण्यांतून काढावे लागले, सहावं पाणीही पातळ शाईसारखं होतं. या ऑक्टोबरात चौथंच पाणी स्वच्छ निघालं. पूर्वेकडच्या खिडक्यांना नेहमीच एक पाणी जास्त. नदीकाठच्या डॉक्टरांचे पडदे नऊ पाण्यांचे, लढाईच्या वर्षांत अकरा झाले होते, एकदा तेरा. चौतीस सालापासून कुठल्या घराच्या कुठल्या खिडकीला कुठल्या महिन्यात किती पाणी लागलं ते ती सांगत होती, मधेमधे हवेत हात नेऊन जणू पडदा उजेडात धरत होती. मी तिच्या मागे धावत भाषांतर करत होते. मिस्टर ऑग्डेननी लेखणी उचलली होती, पण ते लिहीत नव्हते, नुसते तिच्या बोटांकडे बघत होते. "आमच्या बरण्या फेब्रुवारीपासूनच्या आहेत," ते म्हणाले. "त्याआधीचं आमच्याकडे काही नाही. कुणाकडेच नाही."

"काय म्हणतो?" आईनं विचारलं.

"त्यांच्याकडे मागचं काही नाही म्हणतात."

"आपल्याकडे आहे," आई म्हणाली, आणि मग थांबली. मला वाटतं, या नोव्हेंबरचं एकच गाठोडं तिला आठवलं. "हल्ली तीन पाणी," ती म्हणाली. "मागच्या खोल्यांना दोनच." ते सांगताना तिचा आवाज थोडा बसला, पण चेहऱ्यावर मी पूर्वी न पाहिलेलं काहीतरी होतं. एखाद्या कामाचा शेवटचा टाका खिळ्यावर अडकवून ती जराशी मागे सरून पाहायची तेव्हाचं असावं.

मिस्टर ऑग्डेननी एक कोरी वही काढून टेबलावर उघडली. मान वर न करता ते मला म्हणाले, "सोमवारी आठला ये. यापुढे रोज. चित्रं तू चांगली काढतेस, आणि आज जे सांगवत नव्हतं तेही शेवटी सांगितलंस. तुझ्या आईला मात्र सांग, बरणीला हात लावायचा नाही."

मी आईला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, साडेआठ. डिसेंबरात जिन्यावर बर्फ असतो, पोरगी पडेल."

"साडेआठ," मिस्टर ऑग्डेन म्हणाले आणि त्यांनी भिंतीजवळची खुर्ची ओढून आईसमोर ठेवली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी उभ्या रेघा मारल्या, महिन्यांसाठी. मग सुरुवात कुठून करायची ते तिला विचार, असं मला म्हणाले. आई कोटाची बटणं सोडून ऐसपैस बसली. तिची टोचलेली बोटं तिनं टेबलावर पसरली, आणि दुपारचं ऊन त्या खोलीत थेट येत होतं, त्यात ती बोटं अगदी स्पष्ट दिसत होती.

"नदीकडून सुरू करू," ती म्हणाली, "आणि वर चढत जाऊ."